सतरा नंबरचा फॉर्म आणि कोरी वही



दहावीला बाहेरून बसणाऱ्या मुलांच्या अभ्यासाबद्दल या सदरात लिहावे, असे बऱ्याच पालकांनी सुचवले होते. भिवंडीत आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले पुष्कळ आहेत. आई गोदामात पॅकिंगला जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलगी आठवीनंतर घरी राहिली. नववीला दोन विषय राहिले आणि मुलगा कांडी मशीनवर बसला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. शहरांतले वरचे वर्ग सुरळीत उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या दीड वर्षात ज्या घरी एकच मोबाइल होता आणि तोही बाप कामावर घेऊन जायचा, त्या घरांतली काही मुले परत वर्गात आलीच नाहीत. यातली जिद्दी मुले १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसतात. फळा नाही, बाई नाहीत, शेजारी बसून वही दाखवणारा मित्र नाही. घर हीच त्यांची शाळा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोठ्या शहरांत काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना मुद्दाम शाळेत न घालता घरी शिकवतात. आईवडील दोघे पदवीधर, घरात पुस्तकांचे कपाट, हाताशी वेळ. त्यांना ते परवडते. आपल्याला नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्या वयाचे मूल घरी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी त्याला घेऊन जवळची शाळा गाठा. वयाप्रमाणे वर्गात घ्यावेच लागते. मी लिहितो आहे ते ज्यांची शाळा सुटली आणि अभ्यासाची इच्छा सुटली नाही, त्यांच्यासाठी.

संध्याकाळी विहारात अशा मुलांचा अभ्यास आम्ही काही कार्यकर्ते घेतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला वही उघडायला सांगतो. गाईड असते, अपेक्षित प्रश्नसंच असतो, त्यावर पिवळ्या पेनाने ओढलेल्या रेघा असतात. वही मात्र कोरी! विचारले तर सांगतात, "काका, वाचून पाठ केलंय, लिहायचं परीक्षेत." पालकांचाही असाच समज असतो. लिहायचे म्हणजे मराठीचा निबंध आणि पत्र, बाकी विषय पाठ केले की झाले.

आता दहावीची प्रश्नपत्रिका हातात घेऊन बघा. विज्ञानात 'शास्त्रीय कारणे लिहा'. भूगोलात 'भौगोलिक कारणे लिहा'. इतिहासात 'विधाने सकारण स्पष्ट करा', 'टीपा लिहा'. भूमितीत सिद्धता, आणि तिच्या प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. म्हणजे मराठीचा पेपर एक, पण लिहायचे सगळ्या पेपरांत. इतिहासाचा पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तास. ज्या मुलाने सहा महिन्यांत एक सलग पान लिहिलेले नाही, त्याचा हात अर्ध्या तासात दुखायला लागतो. पाठ केलेल्या उत्तराचे पहिले वाक्य आठवते, दुसरे आठवत नाही आणि तो तिथेच थांबतो. कारण ते वाक्य त्याचे नव्हतेच. गाईडचे होते.

उद्योगांच्या धड्याच्या वेळी मी एक नेहमीचा प्रश्न दिला होता : मुंबई परिसरात सुती कापड उद्योगाची वाढ झाली, भौगोलिक कारण लिहा. यंत्रमाग कामगाराच्या मुलाने लिहिले, "कारण तेथील हवामान दमट आहे." उत्तर बरोबर. पण दमट हवेचा आणि कापडाचा संबंध काय, असे विचारल्यावर तो गप्प. मी म्हटले, "बाबांना विचारून ये." दुसऱ्या दिवशी तो पाठपोट पान लिहून आला. उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की ताण्याचे सूत सारखे तुटते. तुटले की माग बंद पडतो. तुटलेला धागा शोधून, गाठ मारून, फणीतून ओवेपर्यंत वेळ जातो आणि तेवढे मीटर कमी भरतात. म्हणून सुती कापडाच्या मागांवर बाबा जमिनीवर पाणी मारतात. पावसाळ्यात सूत कमी तुटते, पण कारखान्यात जीव घामेजून जातो. हे सगळे त्याच्या भाषेत होते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, 'सुत' ऱ्हस्व होते. मी त्यात एकच वाक्य घालायला सांगितले, की कापसाचा धागा ओलसर असताना जास्त ताण सहन करतो. मग आम्ही पान पुन्हा वाचले आणि त्यातली परीक्षेला लागतील अशी चार वाक्ये वेगळी काढली. जवळ बंदर, मागच्या मुलखातून येणारा कापूस, व्यापाऱ्यांचे भांडवल ही बाकीची कारणे त्याने स्वतःच जोडली. मुंबईत पहिली सूतगिरणी कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली, हे त्याला पुस्तकात सापडले. तेही त्याने लिहिले.

मला सांगायचे आहे ते एवढ्यात आले. मुलाला विषय कळला की नाही, हे तो लिहायला बसल्यावर कळते. आपल्याला कळते तसे त्यालाही. 'दमट हवामान' हे दोन शब्द पाठ करून पुढे जाता येते. पण 'दमट हवामान असल्यामुळे' असे लिहिले की वाक्य पुढे काहीतरी मागते. ते मागणे पुरे करताना डोके चालू लागते. इंग्लंडात १९७५ साली बुलॉक समितीने शाळांसाठी हेच सांगितले होते, की भाषा शिकवणे ही सर्व विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी आहे. त्यांच्याकडे निदान शिक्षक होते! आपल्या मुलांसाठी हे काम घरच्यांना करावे लागेल.

इथे आया म्हणतात, "भाऊ, आम्ही अडाणी. पोरानं काय लिहिलं ते आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" मायभगिनींनो, तुम्हाला वाचता येत नसेल तर तुम्हीच सर्वांत चांगल्या मास्तरीण व्हाल. मुलाला सांगा, लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखव. भाकरी थापता थापता ऐका. जिथे समजणार नाही तिथे थांबवा आणि विचारा : का? मग काय झालं? कशावरून? शिकलेला माणूस अर्धवट वाक्य मनातल्या मनात पूर्ण करून घेतो आणि मुलाची चूक झाकली जाते. तुम्ही तसे करणार नाही. तुम्हाला समजले नाही म्हणजे लिहिण्यात काहीतरी राहिले आहे. मुलाने खाली बसून ते वाक्य भरावे आणि पुन्हा वाचावे. आमच्या विहारातली एक मुलगी विज्ञानाचे प्रत्येक उत्तर आजीला वाचून दाखवते. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, यावर तिने लिहिले की दाब वाढल्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. आजी म्हणाली, "उत्कलन म्हंजी?" मग तिने लिहिले की उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशाला उकळते आणि त्याहून जास्त तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो, म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्या उष्णतेत डाळ लवकर शिजते. हे उत्तर तिला आता पाठ करावे लागत नाही.

गणिताचे काय, असे कोणी म्हणेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटापाण्याला कारकुनी. हिशेबाच्या वहीतला एक नियम सांगतो. रोजकीर्दीत नोंद केली की तिच्याखाली कंसात एक ओळ लिहावी लागते : 'रोखीने माल खरेदी केल्याबद्दल', 'भाडे दिल्याबद्दल'. त्या ओळीला स्पष्टीकरण म्हणतात. आकडे कितीही बरोबर असोत, ही ओळ नसेल तर सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच उमगत नाही की हे ५०० रुपये कसले. मुलाला बीजगणिताचे उदाहरण सोडवल्यावर अशीच एक ओळ लिहायला लावा. 'दोन्ही बाजूंना ३ ने भागले, कारण मला क्ष एकटा हवा होता.' सुरुवातीला मुले हसतात, कंटाळतात. महिन्याभराने, कुठे चुकले ते त्यांचे त्यांनाच सापडू लागते.

हाच नियम घरच्या हिशेबाला लावा. यंत्रमागावर पगार मीटरवर. पंधरा दिवसांनी हिशेब होतो तेव्हा मालकाच्या मुनीमाकडे वही असते आणि कामगाराकडे आठवण. उचल कधी घेतली, किती घेतली, बीम संपल्यामुळे माग किती दिवस बसला, सगळे तोंडी. विहारातल्या एका मुलीला मी सांगितले की वडील पाळी संपवून आले की त्यांना विचारून रोज एक नोंद कर. तारीख, माग किती, मीटर किती, आणि शेवटी स्पष्टीकरणाची ओळ. तिच्या वहीत अशा ओळी होत्या : 'आज दोन तास लाईट नव्हती.' 'बाबांना ताप होता, अर्धी पाळी.' 'आत्याच्या दवाखान्यासाठी ५०० रुपये उचल घेतल्याबद्दल.' तिसऱ्या पंधरवड्याला मुनीमाच्या वहीत ५०० ऐवजी दोनदा ५०० लागले होते. वडील एरवी पुटपुटत घरी आले असते. या वेळी त्यांनी वही पुढे केली. बरीच बोलाचाली झाली. मुनीमाने एक नोंद खोडली. मिटरांचा जो फरक होता तो मात्र त्याने मान्य केला नाही, ते पैसे गेले ते गेलेच. तरी त्या दिवसापासून ती वही पिठाच्या डब्यावर, सर्वांच्या नजरेसमोर असते. मुलीच्या बाबतीत सांगायचे तर टक्केवारी, सरासरी आणि वाक्यरचना हे तिन्ही त्या एका वहीत झाले.

इतिहासासाठी तर आपल्या वस्तीत खाणच आहे. २०१८ साली दहावीचे जे इतिहासाचे पुस्तक आले, त्याची सुरुवातच इतिहास कसा लिहितात यापासून होते. मुलाला आजोबांसमोर बसवा. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर कापडाचे बरेचसे काम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावांकडे आले. हे पुस्तकी वाक्य झाले. त्याखाली आजोबांचे वाक्य यावे : संपाच्या आधी कुठे होतो, पगार किती होता, भिवंडीला कोणाच्या ओळखीने आलो, पहिली रात्र कुठे झोपलो. २६ जुलै २००५ चा पूर आजीला तारखेसकट आठवतो. कामवारीचे पाणी कुठपर्यंत आले होते ते तिला विचारून लिहा, शेजारच्या दोन घरांत विचारा, तिघांचे जुळते का ते पाहा. जुळले नाही तर तेही लिहा. पुरावा तपासणे म्हणतात ते हेच. सुट्टीच्या दिवशी आपल्याच तालुक्यातल्या लोनाडच्या बौद्ध लेण्यांकडे मुलांना घेऊन जावे आणि परतल्यावर टीप लिहून घ्यावी. पण डोळ्यांनी पाहिले ते एका परिच्छेदात आणि मार्गदर्शकाने सांगितले ते दुसऱ्यात, अशी. भूगोलाचे २०१८ चे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते. तुलना लिहायची सवय लावायला आधी भिवंडी आणि आपले गाव घ्या. पाऊस, पाणी, घरे, कामधंदा. ब्राझील मग अवघड जात नाही.

राज्यशास्त्राच्या नावाने एक अर्ज लिहून घ्या. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आहे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवस. आपल्या गल्लीतल्या गटाराच्या कामाला महापालिकेने किती खर्च मंजूर केला, हे नेमक्या शब्दांत कसे विचारायचे, यावर मुले तासभर भांडतात. 'गटार का होत नाही' असे विचारले तर काय उत्तर येईल आणि 'कोणत्या तारखेला किती रक्कम मंजूर झाली' असे विचारले तर काय येईल, हा फरक त्यांना लवकर उमजतो. उपयोजित लेखनाचे गुण त्यातून मिळतात ते वेगळेच.

घरी शिकणे आपल्याला नवीन नाही. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच अक्षरओळख करून दिली. रामजी सुभेदारांनी बाबासाहेबांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरी करून घेतली. भाषांतर म्हणजे तरी काय, दुसऱ्याचे वाक्य समजून घेऊन आपल्या वाक्यात मांडणे. आणि मुक्ता साळवे? फुले दांपत्याच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली, १४ वर्षांची मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. आज तो अभ्यासक वाचतात. त्या निबंधात इतिहास आहे, धर्माची चिकित्सा आहे, समाजाची पाहणी आहे. मराठीचा तास वेगळा आणि इतिहासाचा वेगळा, असे तिने कुठे केले? 'मी पंतप्रधान झालो तर' असल्या विषयांवर आपण मुलांची पाने खर्च करतो तेव्हा मला मुक्ताची आठवण होते.

दुसरे उदाहरण इटलीचे. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाचे खेडे आहे. तिथे शाळेने नापास करून घालवलेल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना लोरेन्झो मिलानी नावाचे पाद्री शिकवत. त्यांतल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिले. ते १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले. मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. त्यांची रीत आपल्या विहारांतून सहज करता येईल. प्रत्येकाने सुचेल तो मुद्दा एकेका चिठ्ठीवर लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर पसरायच्या. तोच मुद्दा दोनदा आला असेल तर एक चिठ्ठी काढून टाकायची. मग सारख्या मुद्द्यांचे ढीग लावायचे, ढिगांचा क्रम ठरवायचा आणि लिहायला बसायचे. शेवटी नको असलेले शब्द, मोठे मोठे शब्द, एका वाक्यात कोंबलेल्या दोन गोष्टी काढून टाकायच्या. आम्ही हे जलप्रदूषणावर केले. कामवारी रोज पाहणाऱ्या मुलांच्या चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. गाईडमध्ये सहा मुद्दे होते.

भाषेबद्दल दोन शब्द. आपली मुले घरात विदर्भाची, मराठवाड्याची, कोकणची बोली बोलतात आणि बाहेर पडले की भिवंडीची हिंदी. लिहायला बसले की 'प्रमाण' शब्द आठवेनात म्हणून हात थांबतो. पहिल्या खेपेला घरच्या बोलीतच लिहू द्या. 'व्हतं', 'न्हाई', 'लाईट गेली' काहीही चालेल. लाल पेन हातात घेऊ नका. विचार कागदावर उतरला की दुसऱ्या दिवशी तेच पान परीक्षेच्या भाषेत उतरवून काढायचे. परीक्षेला प्रमाण भाषा लागते हे खरे आहे आणि ती यायलाच हवी. पण ती दुसऱ्या दिवशीची गोष्ट. काही शिकलेली मंडळी पहिल्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घ पकडतात आणि पोरगे वही मिटते. अशांना मी विहारात वर्ग घ्यायला बोलावत नाही.

वेळ किती द्यायचा? रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आज भूगोल तर उद्या विज्ञान, दहा-बारा ओळी, घड्याळ लावून. परीक्षेच्या दोन महिने आधी आठवड्यातून एकदा सलग दोन तास बसवा, म्हणजे हाताला सवय होईल. पाळीवरून आलेल्या मुलाला रात्री लिहायला लावू नका. त्याच्यासाठी सुट्टीचा दिवस. वहीचा खर्च नको असेल तर एका बाजूने कोरी बिले, जुनी पत्रके शिवून घ्या.

फॉर्म आता ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी लागणारी कागदपत्रे, तोंडी परीक्षा आणि प्रकल्पवही याविषयी पुढच्या लेखात लिहीन. तोपर्यंत मुलांनी कोणत्याही विषयावर लिहिलेले एक पान बालविभागाकडे पाठवावे. कुकर, कामवारी, आजोबांचा संप, मीटरची वही, काहीही चालेल. पानाच्या मागे एवढेच लिहावे की हे कोणाला वाचून दाखवले आणि त्यांनी कोणता प्रश्न विचारला.